महाराष्ट्र केसरी : गदेमागील रचना

महाराष्ट्र केसरी किताबाची अंतिम कुस्ती निकाली झाली की विजेत्या मल्लाच्या खांद्यावर चांदीची गदा चढते आणि त्याचे नाव गावोगावी पोचते. ही गदा सर्वांना दिसते. तिच्यामागील रचना मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. रत्नागिरी शहरातील मांडवीच्या किनाऱ्यावर वाळूत जोर-बैठका काढणाऱ्या एखाद्या मुलाला या गदेपर्यंत पोचावयाचे असेल, तर त्याला कोणकोणत्या पायऱ्या चढाव्या लागतील, हे समजून घेतले म्हणजे या स्पर्धेचे स्वरूप स्पष्ट होते.

संस्थानी काळात कुस्तीला राजाश्रय होता. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना सढळ हाताने साहाय्य केले; १९१२ मध्ये सिद्ध झालेले खासबाग मैदान त्याची साक्ष देते. त्या काळी जोड ठरविणे, इनाम लावणे व मल्लांना पोसणे ही कामे आश्रयदात्याची असत. संस्थाने विलीन झाली आणि हा आधार सुटला. त्याची जागा व्यक्तीने नव्हे, तर संघटनेने घ्यावी, या विचाराने मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली. १९५८ मध्ये ‘हिंद केसरी’ हा राष्ट्रीय किताब सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी श्रीपती खंचनाळे यांनी, १९६० मध्ये गणपत आंदळकर यांनी आणि १९६४ मध्ये मारुती माने यांनी तो मिळविला. राज्याचा स्वतंत्र किताब १९६१ मध्ये आला. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे झालेल्या पहिल्या स्पर्धेत दिनकर दह्यारी महाराष्ट्र केसरी ठरले. पुढे ही स्पर्धा जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत राहिली. कोकणात १९७१ मध्ये अलिबागला आणि १९८० मध्ये खोपोलीला तिचा आखाडा भरला.

बलवान पुरुष निवडण्याच्या रीती देशोदेशी वेगळ्या आहेत. १९७७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या जागतिक बलपुरुष स्पर्धेत अवजड वस्तू उचलणे, ओढणे अशा अनेक कसोट्यांचे गुण एकत्र करून विजेता ठरतो. तेथे स्पर्धक वजनाशी झुंजतो. आपल्याकडे बळाची परीक्षा समोरच्या माणसाशी होते. म्हणून नुसती ताकद पुरत नाही; डाव, दम आणि क्षणात निर्णय घेणारी बुद्धीही लागते.

या परीक्षेची पहिली पायरी म्हणजे जिल्ह्याची निवड चाचणी. मांडवीच्या मुलाला प्रथम रत्नागिरी जिल्ह्याच्या संघात स्थान मिळवावे लागेल. राज्य स्पर्धेत माती आणि गादी असे दोन स्वतंत्र विभाग असतात. प्रत्येक विभागात वजनगटांनुसार कुस्त्या होतात. ५७ किलोच्या मल्लाची गाठ शंभर किलोच्या मल्लाशी पडत नाही. गदेसाठी मात्र ८६ ते १२५ किलोचा खास केसरी गट असतो. या गटातील माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांसमोर उभे राहतात. त्या कुस्तीत जो जिंकतो, तो महाराष्ट्र केसरी.

माती व गादी यांतील फरक केवळ पृष्ठभागाचा नाही. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरविलेली हौदातील तांबडी माती पाय धरून ठेवते. गादीवर वेग अधिक लागतो आणि गुणांचा हिशेब क्षणोक्षणी बदलतो. पारंपरिक मैदानात चीतपट होईपर्यंत झुंज चाले. आधुनिक कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतूनच घडले होते, पण त्यांना पदक मिळाले ते गादीवर. दोन्हींचा सराव असावा, हा त्यातील धडा.

घाटावर तालमींचे जे दाट जाळे आहे, ते कोकणपट्टीत नाही. मांडवीची वाळू धावण्यास व पाय बळकट करण्यास चांगली. परंतु वाळूचा हौद होत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात उघडा हौद चार महिने निकामी होतो. येथे पक्क्या छपराखालील हौद किंवा शाळेच्या सभागृहातील गादी हाच व्यवहार्य मार्ग आहे.

या किताबाचे वजन गदेच्या चांदीत नाही, निवडीवरील विश्वासात आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये संघटनांच्या वादातून फुलगाव व धाराशिव येथे दोन वेगवेगळ्या स्पर्धा झाल्या आणि एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी जाहीर झाले. दोन्ही मल्लांनी घाम गाळला होता. परंतु निर्विवाद मान कुणालाच लाभला नाही. संघटना दुभंगली की पहिला फटका मल्लाला बसतो. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन प्रतीक्षा बागडी विजेत्या ठरल्या. या मार्गावर आता मुलींचाही हक्क आहे, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक सामान्य शेतकरी किंवा मच्छीमार कुटुंबाला वर्षानुवर्षे झेपत नाही. सलग तीन वेळा किताब जिंकणारे नरसिंग यादव व विजय चौधरी यांना पोलीस दलात उपअधीक्षकपद मिळाले. पण गदा एकालाच मिळते आणि शेकडो मल्ल रिकाम्या हाताने परततात. त्यांच्या हाती शिक्षण नसेल, तर तारुण्यातील कष्ट व्यर्थ जातात. म्हणून आखाडा शाळेपासून दूर नसावा.

हौदाला छप्पर घालणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील काम आहे. सरावाची वेळ अभ्यासाच्या आड येऊ न देणे शिक्षकाच्या हाती आहे. निवड चाचणीची तारीख प्रत्येक गावी वेळेवर पोचविणे आणि ती चाचणी सर्वांसमक्ष घेणे संबंधित अधिकाऱ्यांना व जिल्हा संघटनेला अवघड नाही. गदेचा निकाल अंतिम कुस्तीत लागतो, परंतु त्या कुस्तीत उतरण्याची संधी कुणाला मिळणार, हे गावातच ठरत असते.