‘द सीकर’: शोधणाऱ्याचं गाणं

साधक म्हणजे कोण, हा प्रश्न आज आपण एका रॉक गाण्याच्या आधाराने पाहू. ‘द हू’ या इंग्लंडच्या बँडचं ‘द सीकर’ हे गाणं मार्च १९७० मध्ये आलं. ब्रिटनमध्ये ते १९व्या क्रमांकापर्यंत पोचलं, अमेरिकेत ४४व्या. आधी ‘टॉमी’ गाजलेलं, पुढच्याच वर्षी ‘हूज नेक्स्ट’ आलं. या दोन अल्बमांच्या मध्ये ते झाकोळलं.

गाणं लिहिलं पीट टाउनशेंड यांनी. ते मेहेरबाबांचे अनुयायी. बाबा जन्माने पुण्याचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले; त्यांची समाधी नगरजवळ मेहेराबादला आहे. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत. गुरू गेल्यावर सुमारे चौदा महिन्यांनी शिष्याचं हे गाणं येतं. तेव्हा त्यात गुरू भेटल्याचा आनंद असेल, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही.

गाण्यातला माणूस बॉब डिलनला विचारतो, बीटल्सना विचारतो, टिमथी लिअरीला विचारतो. कुणाचाच उपयोग होत नाही. तो शांतही नाही. आडदांड आहे, लोकांना नकोसा झालेला आहे. मरेपर्यंत हाती काही लागणार नाही, अशी धास्ती त्याला आहे.

गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार येतात: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. साधक म्हटला की आपण पटकन जिज्ञासू डोळ्यांपुढे आणतो. हा मात्र आर्त आहे. जिज्ञासूकडे प्रश्न असतो, आर्ताकडे नुसती वेदना. म्हणून तो नावाजलेल्या माणसांच्या दारी जातो, जणू औषध कुणाच्या तरी कपाटात ठेवलेलं आहे!

आता बघा, टाउनशेंडना स्वतःपुरतं उत्तर मिळालेलं होतं. पुढच्या वर्षीच्या ‘बाबा ओ’रायली’च्या शीर्षकात बाबांचं नाव आहे. इथे मात्र ते कुठेच नाही. चौथं नाव घालून गाणं सुखान्त करणं सोपं होतं. मग तो प्रचार झाला असता. आपल्याला सापडलेलं उत्तर दुसऱ्याच्या शोधावर लादायचं नाही, हा संयम आम्हांला या गाण्यात सर्वांत मोलाचा वाटतो.

तीन मिनिटांहून थोडंसंच मोठं आहे. घरी गेल्यावर जरूर ऐका.