पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरशी मैत्री हवी

मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला गेली की घरात होणाऱ्या पहिल्या काही खरेद्यांत सायंटिफिक कॅल्क्युलेटर असतोच. रायपूरमधली घरे याला अपवाद नाहीत. तात्यापारा असो वा चौबे कॉलनी, प्रवेशाची फी भरून झाली की वह्या-पुस्तकांबरोबर हे छोटे यंत्रही येते. पुढची काही वर्षे ते दप्तरात, टेबलावर आणि परीक्षेच्या बाकावर सोबत असते. कोणते बटण कुठे आहे, हे बोटांना न बघताही कळू लागते. आणि मग ज्या परीक्षेवर पुढचे शिक्षण किंवा नोकरी अवलंबून असते, त्या परीक्षेच्या दिवशी नेमके ते घरी ठेवून जावे लागते!

ही परीक्षा म्हणजे गेट. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आयआयटी मिळून ही परीक्षा घेतात. एम. टेक.च्या प्रवेशासाठी तिचे गुण लागतात. शिवाय एनटीपीसीसारख्या सरकारी कंपन्यांनी अनेकदा याच गुणांवर अभियंते निवडले आहेत. छत्तीसगडमध्ये कोरबा आणि सीपत येथे एनटीपीसीची मोठी वीज केंद्रे आहेत, त्यामुळे इथल्या घरांत या गुणांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रायपूर शहरात या परीक्षेचे केंद्रही असते.

२०१६ सालापासून गेटच्या उमेदवाराला स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. प्रश्नपत्रिका संगणकाच्या पडद्यावर असते आणि कॅल्क्युलेटरही त्याच पडद्यावर एका छोट्या चौकटीत उघडतो. दिसायला तो हातातल्या कॅल्क्युलेटरसारखाच असतो. पण चालवायची रीत वेगळी असते, आणि ही रीत माहीत नसलेला हुशार विद्यार्थीही गणित येत असून गुण गमावू शकतो.

लॉगच्या तक्त्यापासून पडद्यापर्यंत

साधने बदलली की सवयी बदलाव्या लागतात, हे रायपूरला नवे नाही. आजची इथली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयटी, १९५६ साली शासकीय खाणकाम व धातुशास्त्र महाविद्यालय म्हणून स्थापन झाली. २००५ साली तिला एनआयटीचा दर्जा मिळाला. त्या सुरुवातीच्या काळात खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर जगात कुठेच नव्हता. लॉगचे तक्ते आणि सरकपट्टी यांवरच अभियंत्यांचे काम चाले. साइन, कोसाइन, लॉग काढून देणारा पहिला खिशातला कॅल्क्युलेटर अमेरिकेच्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९७२ साली आणला. त्याची किंमत होती ३९५ डॉलर! पुढे किमती उतरल्या आणि हे यंत्र विद्यार्थ्यांच्या दप्तरात आले.

घरच्या संगणकावरचा कॅल्क्युलेटरही काही आजचा नाही. १९८५ सालच्या पहिल्या विंडोजमध्ये तो होता, आणि १९९० सालच्या विंडोज ३.० मध्ये त्याला सायंटिफिक बटणे मिळाली. म्हणजे ज्यांच्या घरी विंडोजचा संगणक आहे त्यांच्याकडे सायंटिफिक कॅल्क्युलेटर आयताच आहे. फक्त तो मेनूच्या आड असल्याने अनेकांच्या नजरेस पडत नाही.

मेनू बदलला, उत्तर बदलले

विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडला की बहुधा स्टँडर्ड, म्हणजे साधा कॅल्क्युलेटर दिसतो. वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषांवर क्लिक केले की मेनू उघडतो. त्यात स्टँडर्ड, सायंटिफिक, ग्राफिंग, प्रोग्रामर असे प्रकार असतात. (जुन्या विंडोजमध्ये हे सारे ‘व्ह्यू’ या मेनूत होते.) पुष्कळशा मोबाईलवर फोन आडवा धरला की सायंटिफिक बटणे येतात.

सायंटिफिक निवडल्यावर चार बटणे वाढतात, एवढाच फरक होतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हिशेब करण्याची पद्धतच बदलते. समजा, १२० रुपयांची मिठाई आणि ४५ रुपयांची तीन पाकिटे घेतली. कॅल्क्युलेटरवर आपण १२० अधिक ३ गुणिले ४५ असे लिहिले. सायंटिफिक कॅल्क्युलेटर आधी गुणाकार करतो आणि मग बेरीज. उत्तर येते २५५, म्हणजे बरोबर. स्टँडर्ड मात्र आकडे जसे येतील तसे उरकत जातो. १२० आणि ३ मिळून १२३, त्याला ४५ने गुणले, उत्तर ५५३५! संगणक तोच, बटणे तीच, पण उत्तरे दोन.

किराणा मालाच्या बिलात ही चूक लगेच ध्यानात येते, कारण मिठाईला साडेपाच हजार रुपये पडणार नाहीत हे कोणीही सांगेल. बलाच्या किंवा विद्युतदाबाच्या गणितात मात्र उत्तर किती यावे, याचा असा अंदाज प्रत्येक वेळी येत नाही. म्हणून आकडे टाकण्याआधी मेनूत काय निवडले आहे, हे पाहण्याची सवय हवी.

अंश की रेडियन?

दुसरा खड्डा कोनांचा. कोन अंशांत म्हणजे डिग्रीत मोजतात, तसा रेडियनमध्येही मोजतात. कॅल्क्युलेटरला यातले एक सांगून ठेवावे लागते. ३० अंशांचा साइन ०.५ असतो. तोच कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला असेल, तर उत्तर येते उणे ०.९८८. हे उणे चिन्ह पाहून विद्यार्थी सावध होईल. पण ४० अंशांचा साइन काढताना काय होते पाहा. अंशांवर उत्तर ०.६४३ येते आणि रेडियनवर ०.७४५. दोन्ही उत्तरे सारखीच खरी वाटतात. उतारावरच्या ठोकळ्याचे गणित यातल्या कोणत्याही आकड्याने विनातक्रार पुढे सरकते आणि चूक शेवटपर्यंत कळत नाही.

उलटही घडते. कंपनाच्या किंवा प्रत्यावर्ती विजेच्या गणितात कोन बहुधा रेडियनमध्ये असतो. २ रेडियनचा साइन ०.९०९ आहे. कॅल्क्युलेटर अंशांवर असेल, तर तो ०.०३५ दाखवतो.

गेटच्या कॅल्क्युलेटरवर डिग्री आणि रेडियन असे दोन पर्याय दिसतात. गणितात कोन आला की आधी नजर तिकडे गेली पाहिजे. एक प्रश्न अंशांचा आणि पुढचा रेडियनचा असू शकतो, म्हणून एकदाच पाहून भागत नाही.

कळफलकावरचे शॉर्टकट

घरी अभ्यास करताना विंडोजच्या कॅल्क्युलेटरवर प्रत्येक बटण माऊसने दाबत बसण्याची गरज नाही. कळफलकावरून तेच काम कितीतरी लवकर होते. सायंटिफिक प्रकारात रोज लागणारे शॉर्टकट असे :

• आल्ट आणि १ – स्टँडर्ड; आल्ट आणि २ – सायंटिफिक.
• एफ३ – डिग्री. एफ४ – रेडियन.
• एस – साइन. ओ – कोसाइन. टी – टॅन.
• एल – दहाच्या पायाचा लॉग. एन – नैसर्गिक लॉग.
• क्यू – वर्ग. वाय – कोणताही घात. आर – एक भागिले ती संख्या.
• पी – पाय. एफ९ – अधिकचे उणे करणे.
• कंट्रोल आणि एम – आकडा मेमरीत ठेवणे; कंट्रोल आणि आर – तो परत आणणे; कंट्रोल आणि एल – मेमरी पुसणे.
• बॅकस्पेस – शेवटचा अंक खोडणे. एस्केप – सगळे पुसून पुन्हा सुरुवात.

ही यादी पाठ करण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात एस, ओ, टी आणि वाय एवढीच अक्षरे वापरावीत. ती बोटांत बसली की मेमरीचे शॉर्टकट घ्यावेत. मधले उत्तर कागदावर उतरवून पुन्हा टाकताना अंक उलटेपालटे होण्याचा धोका असतो. मेमरी वापरली की तो टळतो.

क्रमही लक्षात ठेवावा. हातातल्या आजकालच्या बहुतेक कॅल्क्युलेटरवर आधी साइन आणि मग ३० दाबतात. विंडोजच्या कॅल्क्युलेटरवर आधी ३० आणि मग साइन. गेटच्या कॅल्क्युलेटरवरही हाच उलटा क्रम आहे. चार वर्षांची सवय मोडायला थोडे दिवस लागतातच.

परीक्षेत मात्र फक्त माऊस

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. घरी उपयोगी पडणारे हे शॉर्टकट गेटच्या परीक्षेत चालत नाहीत. तिथे कळफलकाला हात लावायचा नसतो. कॅल्क्युलेटरचे प्रत्येक बटण माऊसनेच दाबावे लागते. ज्या प्रश्नांत पर्याय नसतात आणि उत्तराची संख्याच भरायची असते, तिथेही पडद्यावरचे अंक माऊसनेच टिपावे लागतात. म्हणजे तेच आकडे दोनदा हाताळावे लागतात, एकदा कॅल्क्युलेटरवर आणि एकदा उत्तराच्या चौकटीत.

वेळेचा हिशेब करून पाहा. ३ तासांत ६५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी पावणेतीन मिनिटे. त्यात प्रश्न वाचायचा, कच्चे काम करायचे आणि माऊसही चालवायचा. म्हणून क्लिक वाचवणे इथे फार उपयोगी पडते. एक लाख लिहायला सहा क्लिक लागतात. १, मग ‘ईएक्सपी’ हे बटण आणि मग ५ दाबले, तर तीनच लागतात. मात्र या बटणात एक मेख आहे. ‘ईएक्सपी’ म्हणजे दहाचा घात. २, ईएक्सपी, ३ याचे उत्तर २०००. नैसर्गिक लॉगचा पाया असलेल्या ‘ई’चा घात काढण्याचे बटण वेगळे असते, आणि ‘ई’चा तिसरा घात सुमारे २०.०९ आहे. नावातल्या साम्यामुळे घाईत नको ते बटण दाबले जाते.

कॅल्क्युलेटरची चौकट प्रश्नाच्या वर उघडते आणि कधी प्रश्नातला आकडाच झाकून टाकते. ती माऊसने धरून बाजूला सरकवता येते. साधीच गोष्ट, पण ऐन परीक्षेत पहिल्यांदा शोधायची वेळ येऊ नये.

सराव कसा करावा?

गेटच्या अधिकृत संकेतस्थळावर दरवर्षी सरावाची परीक्षा ठेवली जाते. तिच्यात हा कॅल्क्युलेटर वापरून पाहता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. परीक्षेच्या निदान दोन महिने आधी हातातला कॅल्क्युलेटर कपाटात ठेवावा आणि सगळी गणिते पडद्यावर, फक्त माऊसने करावीत. कळफलकाचे शॉर्टकट त्या आधीच्या अभ्यासासाठी आणि पुढे नोकरीत आहेतच.

आईवडिलांनी या काळात एक छोटी मदत करावी. आजकालची मुले लॅपटॉपवर अभ्यास करतात आणि माऊसऐवजी त्याच्या पट्टीवरून बोट फिरवतात. परीक्षेच्या केंद्रावर मात्र माऊस असतो. त्याची सवय नसेल, तर क्लिक चुकतात. म्हणून घरी एक साधा माऊस आणून द्यावा. नव्या महागड्या कॅल्क्युलेटरपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

सरावात आणखी एक सवय लावून घ्यावी, ती म्हणजे आधी अंदाज, मग बटण. उत्तर एकापेक्षा मोठे यावे की लहान, अधिक की उणे, शंभराच्या घरात की हजाराच्या, हे कच्च्या कागदावर एका शब्दात लिहावे. मोड चुकला तर बहुतेक वेळा हाच शब्द सावध करतो. जेईई मेनला कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे ती परीक्षा दिलेल्या मुलांच्या अंगी ही सवय एकेकाळी होतीच. पुढच्या चार वर्षांत ती सुटते, एवढेच.

घरच्यांसाठीही उपयोगी

सायंटिफिक कॅल्क्युलेटर केवळ इंजिनिअरांसाठी नाही. घरातल्या मुदत ठेवीचा हिशेब त्यावर सहज होतो. एक लाख रुपये ७ टक्क्यांनी ५ वर्षे ठेवले आणि व्याज वर्षाला जमा होत असेल, तर विंडोजवर १.०७, वाय, ५, गुणिले, १००००० आणि एंटर दाबावे. उत्तर येते १,४०,२५५ रुपये. पण बहुतेक बँका दर तिमाहीला व्याज जमा करतात. ७ टक्क्यांचे चार भाग केले तर १.७५ आणि ५ वर्षांच्या तिमाही २०. म्हणून १.०१७५, वाय, २०, गुणिले, १०००००. आता उत्तर १,४१,४७८ रुपये. बाराशे रुपयांवरचा हा फरक पाहिला की बँकेचा कागद अधिक बारकाईने वाचावासा वाटतो.

ज्या घरात गेटची तयारी चालू आहे, तिथे आईवडिलांनी हा हिशेब मुलांकडूनच शिकावा. समजावून सांगताना मुलांचाही सराव होतो. आणि स्टँडर्ड निवडले आहे की सायंटिफिक, हे विसरल्याबद्दल कोणाचे गुण कापले जात नाहीत, अशी ही एकच परीक्षा आहे.