महाडचा शोध, मालकी कुणाचीच नाही

विद्यापीठांत लागलेले वैद्यकीय शोध आता रीतसर विक्रीला असतात. अमेरिकेत 1980 साली बाय-डोल कायदा आला आणि सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना मिळू लागली. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक मोठ्या विद्यापीठात एक कचेरी असते. अमुक लस, तमुक तपासणी, नवे उपकरण अशी यादी ती काढते आणि कंपन्यांना परवाना देते. परवान्याची रक्कम आणि पुढे विक्रीवर रॉयल्टी, असा हा व्यवहार. आपल्याकडेही तो रुजतो आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला करोनाचा विषाणू भारत बायोटेककडे गेला, त्यातून कोव्हॅक्सिन झाली आणि निव्वळ विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी आयसीएमआरला देण्याचे ठरले. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या आणि टाटा रुग्णालयात रुग्णांवर पारखलेल्या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराला इम्युनोॲक्ट या कंपनीमार्फत 2023 साली बाजाराची परवानगी मिळाली.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात लागलेला एक शोध मात्र अशा कुठल्याच यादीत बसला नाही. ना विद्यापीठ, ना पेटंट, ना परवाना. तरी त्याने वाचवलेल्या जिवांचा हिशेब मांडला, तर भल्याभल्या पेटंटांनी मान खाली घालावी.

शोध विंचवाच्या विषावरचा. कोकणातला लाल विंचू दिसायला किरकोळ, पण विषाने जहाल. जांभ्या दगडांच्या गडग्यात, पेंढ्यात, लाकूडफाट्यात, कौलांच्या सांदीत तो राहतो. भातकापणीच्या दिवसांत आणि पावसाच्या तोंडावर नांगी बसते ती बहुधा शेतमजुरांच्या आणि अनवाणी पोरांच्या हातापायांना. 1961 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका नोंदीत विंचूदंशाच्या 78 रुग्णांपैकी 23 दगावले होते. त्या काळी उपचार म्हणून जे जे सुचे ते दिले जाई. ॲट्रोपीन झाले, स्टिरॉइड झाले, गुंगीच्या औषधांचे मिश्रणही झाले. घरचे त्याआधी मांत्रिकाकडे विंचू उतरवायला नेत, तो वेळ वेगळाच.

1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, शेतकरी घरातले, नागपूरहून नुकतेच एमबीबीएस झालेले. दंश झालेला रुग्ण आला की ते खाटेशी बसून राहत आणि काय होते ते तासातासाने लिहून ठेवत. आधी वांत्या आणि अंगभर घाम. मग हातपाय बर्फासारखे गार, नाडी भरधाव, रक्तदाब चढलेला. लहान मुलग्यांत शिस्नाचा ताठरपणा. काही तासांनी धाप, फेसाळ कफ, फुप्फुसात पाणी आणि शेवट. कुठली लक्षणे दिसली की पुढे हृदय अडचणीत येणार, हे त्यांनी या नोंदींतून बांधले आणि 1982 साली ‘लॅन्सेट’ने ते छापले. जगभरच्या डॉक्टरांना विंचूदंशाचे पूर्वसंकेत बिरवाडीच्या खाटांवरून कळले.

नोंदींतून कारणही उलगडत गेले. विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारे लवकर मिटत नाहीत. शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. म्हणजे हृदयाला चाबूक मारून उपयोग नाही. वाहिन्या सैल करायला हव्यात.

बावस्कर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी करून पुन्हा याच मुलखात, पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात आले. तिथे त्यांनी गंभीर रुग्णांना सोडियम नायट्रोप्रुसाइड देऊन पाहिले. औषध जालीम. शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचे, उजेडाने बिघडते म्हणून बाटली झाकून ठेवायची, आणि रक्तदाब क्षणात कोसळू शकतो म्हणून डॉक्टराने खाटेपासून हलायचे नाही. रुग्ण वाचत होते, पण एकाच डॉक्टरवर चालणाऱ्या रुग्णालयात हे रोज कोण करणार?

उत्तर सापडले ते प्राझोसिनच्या गोळीत. उच्च रक्तदाबावरची ही गोळी आधीच बाजारात होती. विषाने उठवलेले वादळ रक्तवाहिन्यांच्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टरांवर) आदळते, नेमके तेच ती अडवते. तोंडाने द्यायची, ठरावीक तासांनी पुन्हा द्यायची, आणि रुग्णाचे गार पडलेले हातपाय ऊबदार होईपर्यंत थांबायचे. पाऊल हाताने चाचपले की औषध लागू पडले की नाही ते कळते, त्याला यंत्र लागत नाही. 1986 साली हेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांमधले मृत्यू पूर्वी शंभरात पंचवीस-तीस असत. ते एखाद-दुसऱ्यावर आले.

या शोधाचा परवाना कुणाला विकता आला असता? कुणालाच नाही. भारतीय पेटंट कायदा, 1970 च्या तिसऱ्या कलमात माणसावर उपचार करण्याची पद्धत ‘शोध’ या व्याख्येतूनच वगळली आहे. जुन्या औषधाचा नवा उपयोग हाही त्यातून बाहेर. त्यामुळे गोळी कुणाची तरी होती, ज्ञान मात्र सगळ्यांचे झाले. ते पसरले नियतकालिकांतून, परिषदांतून आणि गावोगावच्या डॉक्टरांशी झालेल्या पत्रव्यवहारातून. पद्मश्री आली ती 2022 साली.

गोष्टीचा दुसरा भाग विंचवाच्या लसीचा, आणि तिथे कारखाना लागतोच. विंचवाला विजेचा सौम्य झटका देऊन विष काढायचे, ते अल्प मात्रेत घोड्यांना टोचायचे, त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये शुद्ध करून कुपीत भरायची. सापाच्या विषावरची लस इथे निरुपयोगी. हे काम परळच्या हाफकिनने केले. 1899 साली प्लेगच्या प्रयोगशाळेसाठी जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये थाटलेली ही संस्था. 1975 साली तिच्यातून उत्पादनासाठी हाफकिन जीव-औषध महामंडळ वेगळे निघाले. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात हाफकिनची लस आणि प्राझोसिन यांची कसोशीने तुलना केली. 70 रुग्ण होते. लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे झाले, नुसती गोळी मिळालेल्या 35 पैकी 8. निष्कर्ष 2011 च्या जानेवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत ॲनास्कॉर्प या विंचूलसीला मान्यता मिळाली. लस मेक्सिकोची, चाचण्यांत पुढाकार ॲरिझोना विद्यापीठाचा. त्याआधी शेजारचे ॲरिझोना स्टेट विद्यापीठ बकऱ्यांपासून स्वतःच लस काढून राज्यातल्या रुग्णालयांना पुरवत असे. ते काम बंद पडले आणि पोकळी झाली. नवी लस गुणकारी निघाली, पण मेक्सिकोत शंभरेक डॉलरला मिळणारी कुपी अमेरिकेत हजारो डॉलरना पडू लागली. परवाना मिळाला, कंपनी मिळाली, माल बाजारात आला आणि रुग्णाच्या हाती बिल आले.

म्हणून परवान्यांचा मार्गच वाईट, असे म्हणता येणार नाही. पेशी-उपचारासारखे महागडे काम कंपनीच्या भांडवलाशिवाय उभे राहत नाही. पण विंचू चावतो तो बहुतेक गरिबाला, आणि गरिबाच्या दुखण्याला बाजारपेठ नसते. स्वस्त गोळीवर नफा नाही म्हणून तिचा प्रचार करायला कंपनी येत नाही. लसीचा खप थोडा म्हणून उत्पादक थोडे. ज्या शोधाला मालक नाही, त्याला वालीही नसतो. ते काम शेवटी सरकारलाच करावे लागते.

महाडहून मुंबईकडे निघाले की वाटेत लोणेरे लागते, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. बिरवाडीला लागून महाडची औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे आणि औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने तिथे चालतात. परळला हाफकिन आहे. शोध, शिक्षण, कारखाना आणि सरकारी उत्पादक, सगळे एका दिवसाच्या प्रवासात. विद्यापीठांनी परवाने जरूर विकावेत. पण त्या यादीत एक रकाना विनामालकीच्या शोधांचाही असावा, आणि साधे प्राझोसिन व विंचवाची लस कोकणातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात बारमाही असेल, एवढी जबाबदारी सरकारने घ्यावी. वाचकांना सांगणे इतकेच: विंचू चावून घाम फुटला, वांती झाली, हातपाय गार पडले, तर उतारा करत बसू नका. थेट दवाखाना गाठा.