गाळणी आणि तिची पकड

कोल्हापुरात किडनीचा विषय निघाला की बोलणं थेट डायलिसिसवर येतं. सीपीआर रुग्णालयात नंबर कधी लागणार, महात्मा फुले योजनेत बसतं का, आठवड्यातून किती वेळा जावं लागणार. बाहेरच्या यंत्राची एवढी चौकशी होते, पण आतल्या यंत्राबद्दल किडनी म्हणजे गाळणी एवढीच समजूत असते. गुऱ्हाळात रस फडक्यातून गाळतात, तसंच काहीतरी. ही समजूत खोटी नाही, अपुरी आहे. फडकं निर्जीव असतं, फाटलं की बदलता येतं. मूत्रपिंडातली गाळणी जिवंत पेशींनी धरून ठेवलेली असते आणि तिचे बरेच आजार पकड ढिली झाल्याचे असतात.

एका मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचे सूक्ष्म घटक, असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक परत शोषला जातो आणि लिटर-दीड लिटर लघवी उरते. हे जमावं म्हणून या केशवाहिन्यांमधला दाब शरीरातल्या इतर केशवाहिन्यांच्या जवळजवळ दुप्पट असतो. तो दाब बाहेरून पेलतात पोडोसाइट नावाच्या पेशी. त्यांचे बारीक पाय वाहिनीला वेढतात आणि शेजारणीच्या पायांत बोटांत बोटं घालावीत तसे गुंततात. मधल्या चिंचोळ्या फटीवर नेफ्रिन या प्रथिनाचा पडदा असतो. पायाच्या आत अ‍ॅक्टिनच्या तंतूंच्या जुड्या असतात आणि नेफ्रिनची आतली टोकं त्यांना जोडलेली असतात. हा पेशीचा सांगाडा हाडासारखा कायमचा नाही, त्याचे तंतू सतत सुटतात आणि पुन्हा जुळतात.

१९५७ साली फार्क्वार, व्हर्नियर आणि गुड यांनी नेफ्रोटिक सिंड्रोमच्या, म्हणजे लघवीवाटे भरपूर प्रथिन गळणाऱ्या, रुग्णांच्या किडनीचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा हे पाय सपाट होऊन एकमेकांत विरलेले दिसले. यावर रास्त शंका अशी, की पाय पसरले म्हणून प्रथिनं गळली, की गळली म्हणून पाय पसरले? उत्तराचा मोठा भाग २००० साली मिळाला. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या किडनीच्या आजाराचं मूळ अल्फा-अ‍ॅक्टिनिन-४ च्या जनुकात सापडलं. अ‍ॅक्टिनचे तंतू एकमेकांना बांधणारं हे प्रथिन. गंमत अशी की बिघडलेलं प्रथिन तंतूंना जास्तच घट्ट धरतं, म्हणजे ताठरपणाही घातकच. दुसरा आक्षेप औषधांचा: या आजारावर दिली जाणारी स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन ही तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, मग दोष सांगाड्याचा कसा? पण सायक्लोस्पोरिन पोडोसाइटमधला अ‍ॅक्टिनचा सांगाडा थेट सावरतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. आणि २०२२ मध्ये काही रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनवरच हल्ला करणारी प्रतिपिंडं आढळली. मला यात विरोध दिसत नाही. घाव बाहेरून बसतो, कोसळतं ते आतलं बांधकाम. म्हणूनच स्टेरॉइडला दाद देणाऱ्या मुलांच्या पोडोसाइटचे पाय पुन्हा उभे राहतात.

लघवीत प्रथिन दिसलं की प्रत्येक वेळी सांगाडाच ढासळला, असं मात्र नाही. गंगावेस तालमीतल्या पैलवानाची लघवी कसून मेहनत केल्यावर तपासली तर तीत प्रथिन सापडू शकतं, ते एक-दोन दिवसांत जातं. ताप असतानाही असंच होतं. म्हणून एका चाचणीवर निदान करू नये, विश्रांतीनंतर सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन या प्रथिनाचं आणि क्रिएटिनीनचं प्रमाण पुन्हा पाहावं. मधुमेहींनी ही तपासणी वर्षातून एकदा तरी करायची असते. आपल्याकडे पुष्कळजण रक्तातल्या क्रिएटिनीनचा आकडा ठीक आला की निर्धास्त होतात. तो आकडा उशिरा चढतो. तोवर मधुमेहाने त्रासलेल्या कितीतरी पोडोसाइट पकड सोडून लघवीवाटे निघून गेलेल्या असतात. पसरलेला पाय पुन्हा उभा राहू शकतो, पण मोठ्या माणसात या पेशी विभागून वाढत नाहीत. गेलेल्या पेशीची जागा शेजारणींना आणखी ताणूनच झाकावी लागते.