वैद्यकीय परिषदेचे यजमान शहर : निवड कशाच्या आधारे?

आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद आपल्या शहरात भरावी, असा प्रस्ताव तयार करण्याची वेळ आली की प्रस्तावकांचे लक्ष प्रथम सभागृहाची आसनक्षमता, तारांकित हॉटेले आणि विमानसेवा यांकडे जाते. या सोयी आवश्यकच आहेत. परंतु ज्या रोगाविषयी परिषद भरणार, त्याच्याशी त्या शहराचा आणि परिसराचा संबंध काय, हा प्रश्न बहुधा परिशिष्टात ढकलला जातो. कुष्ठरोग परिषदांच्या इतिहासाकडे पाहता तो पहिल्या पृष्ठावर असावयास हवा.

अशा परिषदेचा प्रस्ताव सामान्यतः महानगरपालिका नव्हे, तर त्या विषयातील राष्ट्रीय वैद्यकीय संघटना मांडते. परिषदेच्या काही वर्षे आधी आंतरराष्ट्रीय संघटना प्रस्ताव मागविते. राज्य शासनाचे पाठिंब्याचे पत्र, अंदाजपत्रक व निवासव्यवस्थेचा तपशील जोडला जातो, निरीक्षक प्रत्यक्ष पाहणी करतात आणि मग निर्णय होतो. परिषदा आपल्या देशात आणण्याच्या कामी साहाय्य व्हावे म्हणून पर्यटन मंत्रालयाच्या पुढाकाराने १९८८ मध्ये 'इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्युरो' स्थापन झाला. निवडीनंतर परराष्ट्र व गृह मंत्रालयांची परवानगी आणि परदेशी प्रतिनिधींसाठी परिषद व्हिसा ही कामे उरतात. कागदोपत्री ही कामे किरकोळ वाटतात, पण ती लांबली तर आफ्रिकेतील एखाद्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर घरीच राहतो आणि लंडनचा प्राध्यापक तेवढा येऊन पोहोचतो.

कुष्ठरोगाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८९७ मध्ये बर्लिन येथे भरली. त्या शहरात हा रोग जवळजवळ नव्हता. परिषदेने रुग्णांना वेगळे ठेवण्यावर भर दिला. पुढच्याच वर्षी भारतात निराधार, भटक्या रुग्णांना आश्रमात डांबण्याची तरतूद असलेला कायदा झाला. त्याची तयारी आधीपासून चालू होती, हे खरे. मात्र तो रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. ज्यांच्याविषयी निर्णय होतो ती माणसे परिषदेच्या ठिकाणापासून किती दूर आहेत, याचा परिणाम निर्णयावर होतो, असे मानावयास येथे जागा आहे.

याउलट उदाहरण दुसऱ्या रोगाचे, एड्सचे आहे. त्याची आंतरराष्ट्रीय परिषद जुलै २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे, म्हणजे प्रथमच विकसनशील देशात भरली. तेथे शोधनिबंधांइतकीच चर्चा औषधांच्या किमतींची झाली, कारण ती औषधे न परवडणारे रुग्ण त्याच शहरात राहत होते.

हैदराबादचा दाखला

कुष्ठरोग परिषद भारतात प्रथम १९८४ मध्ये नवी दिल्लीत भरली. त्यानंतर २००८ आणि २०२२ मध्ये ती हैदराबादला झाली. २००८ च्या आरंभी प्रतिनिधी आले तेव्हा शमशाबादचा नवा विमानतळ सुरूही झाला नव्हता. तो मार्चमध्ये सुरू झाला. शहराजवळ दाखविण्यासारखे काम मात्र होते. निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल केर यांनी १९१५ मध्ये सुरू केलेले कुष्ठरुग्णालय, कुकटपल्लीचे १९५८ पासूनचे शिवानंद पुनर्वसन केंद्र, चेर्लापल्लीचे 'लेप्रा' संस्थेचे ब्ल्यू पीटर संशोधन केंद्र आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रासारखी प्रयोगशाळा, असा हा परिसर होता.

वैद्यकीय शोधाची परंपराही येथे जुनी आहे. १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची तपासणी करण्यासाठी निजामाने खर्च सोसून लंडनहून तज्ज्ञ बोलाविले होते. त्या आयोगाचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. परंतु जगाने येथे येऊन तपासावे, ही वृत्ती लक्षणीय होती. बर्लिनच्या परिषदेच्याच वर्षी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरात मलेरियाचे परजीवी आढळले.

२००८ ची वेळही महत्त्वाची होती. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले होते. रोग संपला, असा सोयीस्कर अर्थ त्यातून निघण्याचा धोका होता. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण मात्र आजही भारतात आढळतात. ही वस्तुस्थिती परदेशी सभागृहात एक आकडा म्हणून ऐकली जाते. हैदराबादेत ती रुग्णालयाच्या दारात दिसू शकते.

प्रस्तावात काय असावे?

प्रस्तुत लेखकाच्या मते प्रस्तावात दोन तरतुदी स्पष्ट आकड्यांत असाव्यात. पहिली, परिचारिका, तंत्रज्ञ व क्षेत्रीय आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सवलतीच्या शुल्काच्या जागा. परिषद परदेशात असेल तर यांपैकी क्वचितच कोणी जाऊ शकतो, आणि ती भारतात असूनही शुल्क डॉलरच्या हिशेबाने आकारले तर तेही बाहेरच राहतात. दुसरी, बरे झालेल्या रुग्णांना वक्ते म्हणून स्थान. उद्घाटनाच्या दीपप्रज्वलनापुरते नव्हे. राजवाडे, मोती आणि बिर्याणी यांची छायाचित्रे असलेली पुस्तिका त्यानंतर खुशाल जोडावी.

या कसोटीवर पुढील प्रस्तावासाठी नागपूरचा विचार व्हावयास हवा. येथून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ पासून कार्यरत आहे. वर्ध्याजवळच दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन वसविले. मुख्य सत्रे नागपुरात घेऊन दोन दिवस वर्धा आणि वरोरा येथे ठेवता येतील. हॉटेलांच्या खोल्यांची संख्या मोजली तर नागपूर हैदराबादच्या मागे राहील. मात्र प्रस्तावाच्या पहिल्या पृष्ठावर लिहिण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ आहे.