बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्याला ती आपल्यासाठीच रचली गेली असावी असे वाटते. फरक इतकाच, की विंचवाच्या बिऱ्हाडात पलंगाखालची खोकी नसतात, कपाटावरच्या बॅगा नसतात आणि बंद पडलेली घड्याळेही नसतात.

गेली काही वर्षे माझे बिऱ्हाड मलिहाबादेस होते. लखनौपासून सुमारे २५ किलोमीटरवर, हरदोईच्या रस्त्याला असलेले हे गाव दशहरी आंब्याचे. २००९ साली मलिहाबादी दशहरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. ऐन आंब्याच्या हंगामात, जून महिन्यात, माझ्या पुण्याच्या बदलीचा हुकूम आला. १९७९ च्या नियमांप्रमाणे एक हजार ते दोन हजार किलोमीटर अंतराच्या बदलीला रुजू होण्यासाठी १२ दिवस मिळतात. सातव्या वेतन आयोगानंतर माझ्या श्रेणीच्या नोकराला ६००० किलो सामान सरकारी खर्चाने नेता येते. हे ऐकून घरातील मंडळींना हायसे वाटले. काहीच टाकावयास नको! मी मात्र निजावयाच्या खोलीच्या दारात उभा राहून विचारात पडलो.

श्रोतेहो, बैठकीची खोली पाहुण्यांच्या धाकाने नीट राहते आणि स्वयंपाकघर रोजच्या गरजेने. निजावयाच्या खोलीला असा कोणी पहारेकरी नसतो. ज्या वस्तूचे काय करावे हे ठरत नाही, ती वस्तू 'तूर्त' तेथे जाऊन पडते. त्यामुळे तेथील पसारा हा बहुतांशी लांबणीवर टाकलेल्या निर्णयांचा पसारा असतो.

मागील बदलीच्या वेळी हे सारे निर्णय मी शेवटच्या रात्री घेतले. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर वडिलांच्या पत्रांचे पुडके रद्दीत गेले. नव्या गावी खोकी उघडली तेव्हा ते ध्यानात आले. त्याच खेपेस एक मोडकी छत्री मात्र सुखरूप पोचली होती. कचेरीत एकही फाइल तपासल्यावाचून नष्ट होऊ न देणाऱ्या माझ्या हातून घरात असे घडावे, याची खंत अजून जात नाही.

म्हणून या वेळी कचेरीचाच नियम घरात आणला. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत फायलींचे तीन वर्ग करतात. पहिल्या वर्गातील फाइल कायम जपावयाची आणि तिची प्रतही करून ठेवावयाची. दुसरीही जपावयाची, परंतु तिची प्रत नको. तिसरीला ठराविक मुदत, तीही जास्तीत जास्त दहा वर्षांची. घरात पहिल्या वर्गात दस्तऐवज, पत्रे आणि छायाचित्रे आली. दुसऱ्यात टिकाऊ व नित्य उपयोगाच्या वस्तू. तिसऱ्यात कपडे, औषधे, पावत्या. प्रत्येक वस्तू हाती घेऊन एकच प्रश्न विचारावयाचा : ही कशासाठी, आणि किती काळ? 'कधी तरी लागेल' ही मुदत नव्हे, हे आधीच ठरवून टाकावे.

क्रमही महत्त्वाचा आहे. सबंध खोली एकदम उपसू नये. एक कप्पा संपवून दुसऱ्यास हात घालावा. आरंभ सोप्यापासून करावा. मुदत संपलेली औषधे प्रथम काढावी. नंतर जुने मोबाइल आणि तारांची भेंडोळी. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम आहेत, तेव्हा ही जिन्नस केराच्या टोपलीत न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी, आणि मोबाइलमधील मजकूर आधी पुसावा. मग कपडे, मग पुस्तके. पत्रे सर्वांत शेवटी, पण दिवसाउजेडी आणि निवांतपणे पाहावी. आणखी एक पथ्य : ज्याची वस्तू त्यानेच तिचा निकाल करावा. मुलीच्या खोक्यातील शंखशिंपले मला कचरा वाटले, म्हणून ते कचरा ठरत नाहीत.

टाकून देण्याने रितेपण येईल, अशी भीती वाटते. मलिहाबादच्या बागांनी ती घालविली. जवळच रहमानखेडा येथे केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे. जुन्या बागांतील झाडे इतकी दाटतात की आत ऊन पोचत नाही आणि फळ कमी होते. अशा झाडांच्या फांद्या डिसेंबर-जानेवारीत छाटून, कापलेल्या जागी ताम्रयुक्त लेप लावण्याची रीत तेथील शास्त्रज्ञांनी बागवानांना दाखविली आहे. दोनएक वर्षे फळाची वाट पाहावी लागते, परंतु झाड पुन्हा धरते.

बांधाबांधीचे दोन शब्द. पुस्तके जड, म्हणून ती लहान खोक्यांत भरावी. कपड्यांना मोठी खोकी द्यावी. खोक्यांवर आकडे घालून त्यांची याद जवळ बाळगावी. पहिल्या रात्रीची अंथरुणे, औषधे आणि दिवा यांचे खोके शेवटी चढवावे, म्हणजे ते प्रथम उतरते. रद्दीला तर मलिहाबादेत हंगामात मागणीच असते. पान न् पान उलटून दिलेली माझी वर्तमानपत्रे आंब्याच्या पेट्यांत अंथरली जाऊन कदाचित माझ्या आधीच महाराष्ट्रात पोचली असतील.

सार्वजनिक अभिलेखांचा १९९३ चा एक कायदा आहे. त्यानुसार १८९२ पूर्वीचा कागद, तो अगदीच जीर्ण होऊन निरुपयोगी झाला नसेल तर, नष्ट करता येत नाही. प्रत्येक घराचेही असे एक १८९२ साल असते. आमच्या ट्रंकेच्या तळाशी आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी निघाली. कडा विरलेल्या, दोन ठिकाणी टाके उसवलेले. ती तिसऱ्या वर्गात घालण्यासाठी मी उचलली. पत्नी म्हणाली, ''हिला मुदत नाही.'' मी गोधडी उन्हात घातली, उसवलेले टाके तिने संध्याकाळी घातले, आणि पहिल्या रात्रीच्या खोक्यात आम्ही ती सर्वांत वर ठेवली.