दवाखान्यातली निळी नळी जंतू मारते, पण सावलीतले नाही!

आळे (ता. जुन्नर) : पेशंट घेऊन दवाखान्यात गेलं की कधीकधी बंद ऑपरेशन थिएटरच्या काचेतून निळसर उजेड दिसतो. आत माणूस नसतो. नातेवाइकांना वाटतं, लाईट बंद करायची राहिली. ती मुद्दाम लावलेली असते. जंतू मारणारी ही अतिनील किरणांची, म्हणजे यूव्ही नळी.

यूव्ही शब्द इकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. टोमॅटोसाठी मल्चिंग पेपर किंवा शेडनेट घेताना दुकानदार तो सांगतोच. उन्हातल्या यूव्हीने प्लास्टिक कडक होऊन फाटतं. दवाखान्यातली नळी त्याच घराण्यातली, पण जास्त कडक किरणांची. त्यांना यूव्ही-सी म्हणतात. सूर्यातूनही ते निघतात, पण वर ओझोनच्या थरात अडतात, जमिनीवर पोचत नाहीत.

नळीत थोडा पारा असतो. वीज दिली की 254 नॅनोमीटरचे किरण निघतात. ते जंतूच्या डीएनएत बिघाड करतात. मग एकाचे दोन, दोनाचे चार व्हायचं थांबतं. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, दिसतो तो सोबतचा निळा उजेड. त्यामुळे नळी जुनी झाली तरी निळी दिसतेच, मारा मात्र कमी झालेला असतो. साधारण 8-9 हजार तासांनी ती बदलावी लागते. किती तास चालली याची नोंद नसेल तर त्या उजेडाला काही अर्थ नाही.

खरी अडचण सावलीची. कॉटखाली, ड्रॉवरमध्ये, गादीच्या घडीत किरण जात नाहीत. धूळ किंवा रक्ताचा डाग असला तर त्याखालचे जंतू वाचतात. अंतर वाढलं की जोरही झपाट्याने घटतो. कोरोनात, 2020 मध्ये, मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डने हत्यारं आणि कपडे निर्जंतुक करायला एका मोठ्या खोलीत अशा नळ्या बसवल्या, तेव्हा ॲल्युमिनियमचे पत्रेही लावले. पत्र्यावरून किरण उलटे फिरतात आणि सावली कमी होते. डीआरडीओने त्याच वर्षी सहा नळ्यांचा टॉवर बनवला. 12 बाय 12 फुटांच्या खोलीला त्याला साधारण 10 मिनिटं लागतात.

म्हणून आधी फडकं, साबण, जंतुनाशक, मग यूव्ही. अमेरिकेतल्या 9 रुग्णालयांतला अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नेहमीच्या जंतुनाशकाला यूव्हीची जोड दिल्यावर, त्याच खोलीत नंतर आलेल्या पेशंटला हट्टी जंतू लागण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी घटलं. जोड दिल्यावर, हे महत्त्वाचं. फरशी पुसणाऱ्या मावशींचं काम नळी करत नाही.

नळी चालू असताना आत जाऊ नये. वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ना, तोच प्रकार यानेही होतो. कातडीही भाजते. बाजारात मिळणाऱ्या यूव्ही कांडीने हात निर्जंतुक करू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलंय. हाताला साबण पुरतो.

घरच्या पाण्याच्या यूव्ही फिल्टरमध्येही हीच नळी असते, पण बंद डब्यात, त्यामुळे धोका नाही. तिथंही सावलीचा नियम सुटत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर आधी गाळून, निवळून घ्यावं. गाळाआडच्या जंतूपर्यंत किरण पोचत नाहीत.